भूत किती ताकदवान, सुपरहिरो किती कमकुवत

सॅम रायमी यांनी 'द एव्हिल डेड' (१९८१) केला आणि पुढे 'स्पायडर-मॅन'चे तीन चित्रपट. जेम्स वॉन 'सॉ' आणि 'द कॉन्ज्युरिंग' करून 'अक्वामॅन'कडे (२०१८) वळले. स्कॉट डेरिक्सन 'सिनिस्टर'वरून (२०१२) 'डॉक्टर स्ट्रेंज'वर (२०१६) आले, डेव्हिड सँडबर्ग 'लाइट्स आउट'वरून (२०१६) 'शझॅम'वर (२०१९), जेम्स गन 'स्लिदर'वरून (२००६) 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'वर. मॅट रीव्हज यांनी 'द बॅटमॅन'च्या (२०२२) आधी 'लेट मी इन' (२०१०) हा व्हॅम्पायरचा चित्रपट केला होता. एवढी मोठी यादी योगायोगाने होत नाही. भयपट आणि सुपरहिरोपट यांचे चाहते एकमेकांना नाकं मुरडत असले, तरी दोन्हीकडचं कसब एकच आहे: पडद्यावरचं हे जे काही आहे ते नेमकं काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे प्रेक्षकाला वेळेवर कळवायचं आणि मग त्या मर्यादेशी प्रामाणिक राहायचं. भूत काहीही करू शकतं असं झालं की भीती संपते. नायक कशातूनही वाचतो असं झालं की थरार संपतो. खालचे सगळे बरेवाईट शेरे याच एका कसोटीवर मारलेले आहेत. बोलण्याच्या ओघात बरेच शेवटही फुटले आहेत, तेव्हा ज्यांना ते नको असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

सुरुवात 'स्पायडर-मॅन २'पासून (२००४). डॉक्टर ऑक्टोपसच्या पाठीतले धातूचे हात कापायला शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांची तुकडी जमते आणि ते हात जागे होतात. हा प्रसंग म्हणजे सुपरहिरोपटाच्या मधोमध बसवलेला अस्सल भयपट आहे. धून नाही, फक्त किंकाळ्या आणि धातूचा आवाज. भिंतीवरच्या सावल्या, ओढत नेल्या जाणाऱ्या बाईची जमिनीवर घासत जाणारी नखं, एका डॉक्टरच्या हातातली करवत. रक्त जवळजवळ नाहीच. या दोनेक मिनिटांत आपल्याला तीन गोष्टी कळतात: हातांना स्वतःची बुद्धी आहे, मालक बेशुद्ध असतानाही ते चालतात, आणि स्वतःच्या बचावासाठी ते कुणालाही मारतील. पुढचा सगळा चित्रपट या तीन गोष्टींवर उभा राहतो. डॉक्टर ऑक्टोपस शेवटी हातांना हुकूम देतो तेव्हा त्या हुकमाला वजन येतं, कारण हात ऐकत नसतात हे आपण आधी पाहिलेलं असतं. याच चित्रपटातला आगगाडीचा प्रसंग घ्या. स्पायडर-मॅन पायाने गाडी थांबवायला जातो, फसतो. एकेक जाळं इमारतींना लावतो, तुटतं. मग दोन्ही हातांनी अनेक जाळी एकदम ओढून धरतो, अंगावरचा पोशाख फाटतो, गाडी थांबते आणि तो कोसळतो. म्हणजे ताकद किती आहे आणि ती कुठे संपते, दोन्ही एकाच प्रसंगात मोजून दाखवलं. वीस वर्षं उलटून गेली तरी याच्या पुढे गेलेले सुपरहिरोपट हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

आता भयपट. नियम सांगण्याच्या कलेत 'लाइट्स आउट' हा छोटासा, ऐंशीएक मिनिटांचा चित्रपट आदर्श मानावा. नियम एका ओळीचा: ती फक्त अंधारात असते. मग पटकथा त्या एका ओळीतून शक्य तेवढं पिळून काढते. पोलीस तिच्यावर गोळी झाडतो, तर गोळी सुटतानाच्या उजेडात ती नाहीशी होते आणि पुढच्याच क्षणी अंधारात परत उभी असते. नायिकेचा मित्र गाडीच्या रिमोटने हेडलाइट लावून वाचतो. पात्रं हुशार वाटतात, कारण त्यांनाही तेवढंच माहीत आहे जेवढं आपल्याला. कथा म्हणून चित्रपट मध्यमच आहे, आईच्या आजाराची बाजू घाईने गुंडाळली आहे, पण नियमाची शिस्त वाखाणण्यासारखी. गंमत म्हणजे 'द बॅटमॅन'मध्येही एक अंधाऱ्या बोळातली मारामारी केवळ बंदुकीच्या लखलखाटात दिसते. तिथे अंधारातून चालून येणारा तो नायक आहे, आणि गुंडांच्या जागी आपण आहोत.

'इट फॉलोज'चा (२०१४) नियम याहून छान. पाठलाग करणारं ते चालत येतं, कधीच धावत नाही, कुणाचंही रूप घेतं आणि बाधा झालेल्यांनाच दिसतं. यातून दिग्दर्शकाला फुकटात जे मिळतं ते अफाट आहे: फ्रेमच्या मागच्या बाजूला चालत येणारा कुठलाही माणूस संशयित ठरतो. म्हणून इथे कॅमेरा मुद्दाम लांब ठेवला आहे, शॉट रुंद आहेत, एकदोनदा तो संथपणे पूर्ण गोल फिरतो. प्रेक्षक आपणहून पार्श्वभूमी तपासत बसतो. चित्रपट जिथे घसरतो ते ठिकाण म्हणजे जलतरण तलावाचा शेवट. विजेची उपकरणं पाण्यात टाकून त्याला मारायचा बेत कुठून आला, ते मुळात विजेने मरतं का, याची काहीच पूर्वतयारी नाही. वर ते स्वतःच ती उपकरणं उचलून नायिकेवर फेकायला लागतं. तासभर संयमाने जपलेला नियम पाच मिनिटांत ढिला पडतो. तरीही चित्रपट बघावाच असा आहे, फक्त त्या तलावाबद्दल अपेक्षा ठेवू नये.

याउलट 'तुंबाड' (२०१८) शेवटातच जिंकतो. हस्तर या शापित देवाला धान्य वर्ज्य, म्हणून पिठाचं रिंगण. हस्तर भुकेला, म्हणून पिठाची बाहुली. तो बाहुली खात असेल तेवढ्या वेळात त्याच्याकडच्या सोन्याच्या मुद्रा काढायच्या. कृती इतकी स्पष्ट की दुसऱ्या फेरीपासून प्रेक्षकच मनातल्या मनात वेळ मोजायला लागतो. मग बापलेक एकाऐवजी खूप बाहुल्या नेतात. तेव्हा जितक्या बाहुल्या तितके हस्तर निघतात. यात नवा नियम एकही नाही. जुन्याच नियमाला लोभाने गुणलं, एवढंच. राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसात कित्येक पावसाळे चित्रीकरण केलं याचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच, ओल नुसती दिसत नाही, अंगाला लागते. पण २०२४मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी खेचली त्याचं श्रेय केवळ पावसाला देता येणार नाही. कथानकाचं गणित पक्कं आहे, आणि शेवट माहीत असतानाही ते गणित सुटताना बघायला मजा येते.

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) मध्ये नियम उत्तम, पण आखणीत भोकं. आवाज केला की मेलात. नव्वद मिनिटांत हा नियम सगळीकडे वापरलाय: पायवाटेवर वाळू, मऊ सोंगट्यांनी खेळायचा खेळ, खुणांची भाषा. कर्णबधिर मुलीच्या बाजूने शॉट आला की आवाज पूर्ण बंद होतो, म्हणजे राक्षस मागे आहे हे आपल्याला दिसतं आणि तिला कळत नाही. ही भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहे आणि ते तिच्या प्रत्येक नजरेत जाणवतं. पण धबधब्याजवळ मोठ्याने बोलता येतं हे दाखवल्यावर कुटुंब तिथेच का राहत नाही, हा प्रश्न चित्रपटाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. जिन्यातला तो उभा खिळाही तसाच. एकदा पायात घुसल्यावर कुणीतरी तो वाकवायला हवा होता.

राक्षस दाखवावा किती, यावर ठरलेलं उत्तर असं आहे की कमीत कमी. 'जॉज'मध्ये (१९७५) शार्कचं डोकं पाण्याबाहेर नीट दिसतं ते ऐंशीएक मिनिटं उलटल्यावर. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्ग यांना पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वर यांवर भागवावं लागलं. 'एलियन'मध्ये (१९७९) मोठा झालेला प्राणी जवळपास दोन तासांच्या चित्रपटात जेमतेम चारेक मिनिटं दिसतो. ही उदाहरणं सगळे देतात आणि मग 'लपवलं की भीती वाढते' असा सरसकट निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो अर्धवट आहे. 'द थिंग' (१९८२) सगळं दाखवतो: पोट उघडून त्याचे दात होतात, मुंडकं तुटून त्याला पाय फुटतात, आणि सगळं भर उजेडात. तरी भीती टिकते, कारण तिथे लपवलेली गोष्ट वेगळीच आहे. राक्षस कसा दिसतो हे कोडं नाही, यांच्यातला राक्षस कोण हे कोडं आहे. म्हणून त्या चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग रक्ताच्या तपासणीचा. काचेच्या बश्यांतलं रक्त, तापवलेली तार, एकेकाची पाळी. तपासणी कशी चालेल हे कर्ट रसेलचं पात्र आधी सांगतं, मग दोन-तीन वेळा काहीच होत नाही, आणि आपण बोलण्याच्या ओघात बेसावध असताना एक बशी उसळते. तेव्हा दिग्दर्शकाने स्वतःला विचारायचा प्रश्न 'किती दाखवू' हा नाहीच. 'कोणती एक गोष्ट शेवटपर्यंत झाकून ठेवू' हा आहे.

जंप स्केअरला, म्हणजे अचानक दचकवण्याच्या युक्तीला, उगाच बदनाम केलंय. त्याची कृती जुनी आहे. 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) एक बाई रात्री रस्त्याने जाते, मागून पावलं येतायत असं वाटतं, शांतता ताणली जाते आणि अचानक फिस्सकन आवाज होतो. बिबट्या नसतो, बस असते. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या क्लृप्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. भाग तीनच: आधी आवाज कमी करत न्यायचा, मग अपेक्षेच्या क्षणी काहीही होऊ द्यायचं नाही, आणि अपेक्षा सैलावताच अचानक आदळायचं. स्वस्त भयपट पहिले दोन भाग गाळतात आणि फक्त तिसरा मोठ्या आवाजात देतात. 'द नन' (२०१८) हे त्याचं ठळक उदाहरण, तिथे दर काही मिनिटांनी अंधारातून काहीतरी ओरडत येतं आणि अर्ध्या तासात कान बधिर होतात. त्याच मालिकेचा पहिला 'कॉन्ज्युरिंग' (२०१३) बघा. मुलींचा डोळे बांधून टाळीवर शोधायचा खेळ चित्रपटाच्या सुरुवातीलाच, दिवसाउजेडी, हसतखेळत दाखवला आहे. नंतर आई तळघराच्या जिन्यावर काडी पेटवून बसलेली असते आणि तिच्या कानाशी दोन हात येऊन टाळी वाजवतात. टाळीचा आवाज मोठा नाहीच. खेळाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून ते पुरतं.

'द एक्झॉर्सिस्ट ३' (१९९०) हा एरवी विस्कळीत चित्रपट आहे, संवादांनी जड झालेला. पण त्यातला रुग्णालयाच्या बोळाचा शॉट कुठल्याही अभ्यासक्रमात लावावा. कॅमेरा लांब, स्थिर, कट जवळजवळ नाहीत. परिचारिका एका खोलीत जाते, बाहेर येते, पहारेकरी फिरतो, पुन्हा काही नाही. तुमची नजर फ्रेममध्ये हिंडून दमते. मग ती दार बंद करून निघते आणि तिच्या पाठोपाठ पांढऱ्या कपड्यातली आकृती कात्री घेऊन बाहेर पडते, आणि त्याच क्षणी कॅमेरा एकदम जवळ झेपावतो. इतका वेळ न हललेला कॅमेरा हलतो, यातच अर्धा धक्का आहे. 'हेरेडिटरी' (२०१८) याच्याही पुढे जातो: मुलगा अंधारात जागा होतो, आणि आई छताच्या कोपऱ्यात चिकटलेली असते. तिथे नजर वेधायला ना कट आहे ना दणका. काहींना ती दोन सेकंदांत दिसते, काहींना दहा. खोलीतल्या दिव्यामुळे किंवा मंद इंटरनेटमुळे काहींना अजिबात दिसत नाही, त्याबद्दल खाली.

सुपरहिरोकडे परत येऊ. 'आयर्न मॅन' (२००८) आजही मार्व्हलचा सर्वांत नीट बांधलेला चित्रपट आहे असं ठामपणे म्हणता येतं, आणि त्याचं कारण बर्फ. चाचणीच्या उड्डाणात टोनी फार उंच जातो, चिलखतावर बर्फ धरतो, यंत्रणा बंद पडते, तो खाली कोसळता कोसळता वाचतो. आपण हसून विसरतो. क्लायमॅक्समध्ये खलनायकाचं चिलखत मोठं आणि ताकदवान आहे, टोनीच्या छातीत मात्र जुना अणुसंच बसवलेला असल्याने त्याची शक्ती सतत घटतेय आणि तो आकडा ऐकवला जातोय. तेव्हा तो प्रतिस्पर्ध्याला वर, आणखी वर घेऊन जातो. बर्फाचा प्रश्न त्याने सोडवलाय, समोरच्याने नाही. लढाईतली ही खेळी ताकदीने मारलेली नाही, माहितीने मारलेली आहे. 'डॉक्टर स्ट्रेंज'चा शेवटही असाच: समोरचा देवासारखा बलाढ्य, म्हणून नायक त्याला काळाच्या एका वेढ्यात अडकवतो आणि पुन्हा पुन्हा मरत राहतो, समोरचा कंटाळून तह करेपर्यंत. भयपटातून आलेल्या दिग्दर्शकाला नायक कितीही वेळा मारता येतो, त्यांना त्याची सवय असते.

उलट बाजूला आकाशातला निळा खांब, म्हणजे क्लायमॅक्सला आकाशात घुसणारा तो प्रकाशझोत. 'द अव्हेंजर्स'मध्ये (२०१२) तो चालून गेला, कारण सहा जणांनी सहा वेगळी कामं वाटून घेतली होती. पुढे 'फँटास्टिक फोर' (२०१५), 'सुसाइड स्क्वॉड' (२०१६) अशी त्याची रांगच लागली. तोटा असा की खांब बंद करणे हे एकच ध्येय उरतं, आणि त्याला लागणारा वेळ, कष्ट, किंमत काहीच मोजता येत नाही. 'वंडर वुमन'मध्ये (२०१७) हा फरक एकाच चित्रपटात दिसतो. खंदकातून एकटीने बाहेर पडून गोळ्यांच्या माऱ्यात ढाल रोवून उभं राहणं, यातलं प्रत्येक पाऊल कळतं. शेवटी एरीसशी होणाऱ्या लढाईत मात्र रात्र, आग, उडणारे रणगाडे आणि एकमेकांवर सोडलेल्या विजा. कुणाचं किती बिघडलं काही समजत नाही. 'शांग-ची'मध्ये (२०२१) बसमधली मारामारी बघा: ब्रेक गेलेले, जोडबस मधून फाटलेली, प्रवासी बसलेले, चालवायला मैत्रीण. मोजून चार अडचणी आणि नायकाच्या हाती शस्त्र नाही. त्याच चित्रपटात शेवटी ड्रॅगन आणि आत्मे खाणारा राक्षस येतात आणि रस उडतो. मारामारीत जागा कळली पाहिजे. 'डेअरडेव्हिल'च्या (२०१५) पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागात बोळात जी तीनेक मिनिटांची सलग मारामारी आहे, तिच्यात नायक मध्ये भिंतीला टेकून श्वास घेतो, पडलेले गुंड परत उठतात, सगळेच दमतात. त्या दमण्यामुळेच तो प्रसंग गाजला.

'लोगन'ने (२०१७) हेच सूत्र संपूर्ण चित्रपटभर ताणलं. जखमा भरायला वेळ लागतो, एक नखी नीट बाहेरच येत नाही, अंगातला धातूच त्याला विष होऊन बसलाय. चष्मा लागलेला वुल्व्हरिन बघून कीव येत नाही, काळजी वाटते. आणि काळजी हेच सुपरहिरोपटाचं भांडवल. मल्टिव्हर्सने, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या कल्पनेने, ते उधळून टाकलं. 'गार्डियन्स'मधली एक गमोरा मेली की दुसऱ्या काळातली आणता येते, म्हणजे तिसऱ्या वेळी कुणी का रडावं? याला अपवाद 'लोकी' मालिकेचा दुसरा सीझन, तिथे परत येण्याचीच शिक्षा केली आहे.

मल्टिव्हर्सचा रायमी यांच्याइतका मोकाट आणि भीषण वापर मात्र कुणी केला नाही. 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२) पटकथा म्हणून तुटक आहे, अमेरिका चावेझला शेवटी 'स्वतःवर विश्वास ठेव' एवढ्यावर शक्ती वश होते हे तर लाजिरवाणंच. पण ब्लॅक बोल्टचा मृत्यू आठवा. त्याच्या आवाजात विध्वंसक शक्ती आहे हे आधी एका ओळीत सांगितलं. चेटकीण वांडा त्याचं तोंडच नाहीसं करते. तो घाबरून ओरडू पाहतो आणि तो आवाज त्याच्याच कवटीत फुटतो. शक्ती हीच मर्यादा. वीस सेकंदांत मामला खलास.

मालिकांमध्ये वेगळीच अडचण असते, ती लांबीची. भीती हा ताण आहे आणि ताण दहा तास धरता येत नाही. माइक फ्लॅनगन यांनी 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'मध्ये (२०१८, दहा भाग) यावर तोडगा काढला तो असा: पहिले पाच भाग पाच भावंडांचे, प्रत्येकाची भीती वेगळी. सहाव्या भागात सगळे एका खोलीत, आणि तो भाग पाच लांबलचक शॉट्समध्ये घेतलेला. त्यासाठी दोन घरांचे सेट असे जोडले होते की नट चालत चालत एका काळातून दुसऱ्यात जाऊ शकेल. दारांच्या आड, जिन्याखाली, खिडकीत कितीतरी भुतं न सांगता उभी केली आहेत. आठव्या भागात गाडीत दोन बहिणी भांडतायत आणि मधून जे येतं, तो गेल्या काही वर्षांतला सर्वोत्तम जंप स्केअर आहे, कारण भांडणच इतकं चांगलं लिहिलंय की आपण भूत विसरून गेलेलो असतो. शेवटचा भाग नको तितका गोड आहे. फ्लॅनगन यांची 'मिडनाइट मास' (२०२१, सात भाग) त्याहून घट्ट, पण लांब स्वगतं सहन होत नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नये.

'वांडाव्हिजन'चे (२०२१, नऊ भाग) पहिले तीन भाग जुन्या सिटकॉमच्या नकलेत आहेत, चौकोनी फ्रेम, पहिले दोन कृष्णधवल. पहिल्या भागात जेवताना साहेबाच्या घशात घास अडकतो, त्याची बायको हसत हसत 'थांबव' म्हणत राहते, आणि कॅमेरा अचानक सिटकॉमची पद्धत सोडून जवळ येतो. अख्ख्या मार्व्हलमध्ये याच्याएवढं अंगावर येणारं दृश्य क्वचित सापडेल. शेवटच्या भागाला लोक नावं ठेवतात, ते अर्धं बरोबर. दोन चेटकिणी आकाशात रंगीत गोळे फेकतात तो भाग टाकाऊच. पण वांडा जिंकते ती आदल्या भागात सांगितलेल्या नियमाने: मंतरलेली चिन्हं जिने कोरली, तिचीच जादू त्या जागेत चालते. ते गोळे तेच काम करत होते. खेळी चांगली होती, आतषबाजीत दिसली नाही.

'द बॉइज'चा (२०१९पासून) पहिला सीझन म्हणजे सुपरहिरो हाच भयपटातला राक्षस असेल तर काय होईल याचं उत्तर. चौथ्या भागात विमान कोसळतंय आणि सर्वांत ताकदवान सुपरहिरो होमलँडर ते उचलू शकत नाही, कारण हवेत पाय रोवायला आधार नाही. ताकद अमर्याद, पण भौतिकशास्त्र आडवं आलं. मग तो काय करतो, यातून त्याचा स्वभाव उघडा पडतो. पुढच्या सीझनांत मात्र त्याला मारायचं तर नाही आणि मोकळंही सोडायचं नाही, या कात्रीत पटकथा गोल गोल फिरते. नवं शस्त्र येतं, निकामी ठरतं, पुन्हा तेच. रक्ताचं प्रमाण वाढतं तसा धाक कमी होतो. 'इन्व्हिन्सिबल' (२०२१पासून) रक्ताचा वापर जास्त समजून करते. पहिल्या सीझनच्या शेवटी बाप मुलाला रुळांवर धरून ठेवतो आणि आगगाडी त्याच्या अंगावरून फाटत जाते. मुलाला खरचटतं, डब्यातली माणसं मरतात. अजिंक्य असण्याचा अर्थ असा दाखवायला धाडस लागतं.

दोन्ही प्रकार एकत्र करणारे चित्रपट बहुधा फसतात. 'द न्यू म्यूटंट्स' (२०२०) दोन वर्षांहून जास्त रखडून आला आणि भीतीही नाही, थरारही नाही अशा अवस्थेत गेला. 'ब्राइटबर्न' (२०१९) मध्ये कल्पना जबर, सुपरमॅन लहानपणीच वाईट निघाला तर. पण मुलाला इजा करणारा एकच धातू आहे हे कळल्यावर शेवट कसा येणार ते तासभर आधी दिसतं. मधले खून नुसते किळसवाणे आहेत. 'क्रॉनिकल' (२०१२) बरा, कारण शक्ती वाढते तसतसं नाकातून रक्त येणं, थकणं, वापरताना चुकणं हे सगळं टप्प्याटप्प्याने येतं. 'ब्लेड' (१९९८) नाचाच्या जागेतल्या त्या सुरुवातीसाठी बघावा, वरून रक्ताचा पाऊस पडतो आणि एकटाच माणूस कोरडा राहिलेला असतो. शेवटचं रक्ताचं व्हीएफएक्स आता बघवत नाही.

आता यंत्रं. यातले निम्मे चित्रपट चुकीच्या सेटिंगमुळे वाया जातात.

टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, मेन्यूत 'मोशन' किंवा 'क्लॅरिटी' असं काहीतरी सापडेल. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो आणि राक्षसाचं रबर लगेच रबर दिसायला लागतं. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'चं (२०१८) तर यात वाटोळं होतं. तिथे नवशिक्या माइल्सची हालचाल मुद्दाम सेकंदाला बारा चित्रांत ठेवली आहे आणि त्याच शॉटमधला मुरलेला पीटर चोवीसमध्ये हलतो. टीव्हीने दोघांना सारखं गुळगुळीत केलं की तो विनोद आणि ते शिक्षण दोन्ही गेलं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं.

'हेरेडिटरी'मधली छतावरची आई न दिसण्याची कारणं दोन. खोलीत दिवा असला की पडद्यावरच्या काळ्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. आणि इंटरनेटचा वेग कमी असला की स्ट्रीमिंग सगळ्यात आधी काळोखातला तपशील कापतं, कोपऱ्यांत चौकोनी ठिपके दिसायला लागतात. ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही, त्याने फक्त ठिपके उजळतात. दिवा घालवा, चित्र पूर्ण दर्जाला पोचेपर्यंत दोन मिनिटं थांबा किंवा आधी डाउनलोड करून ठेवा.

आवाजाचा 'नाइट मोड' शेजाऱ्यांसाठी चांगला, भयपटासाठी वाईट. तो हळू आवाज वाढवतो आणि मोठा कमी करतो, म्हणजे शांतता आणि दणका यांतलं अंतरच मारतो. 'अ क्वाएट प्लेस' नाइट मोडवर बघण्यात काही अर्थ नाही. रात्री साधे तारेचे हेडफोन वापरा. ब्लूटूथवर कधीकधी आवाज किंचित मागे पडतो, तेवढ्यानेही धक्का चुकतो. सबटायटल्स निवडताना कर्णबधिरांसाठीची आणि साधी असे दोन पर्याय असतील, तर साधी घ्या. पहिल्या प्रकारात 'पावलांचा आवाज' किंवा 'भीतिदायक संगीत' अशी सूचना आवाज येण्याच्या क्षणभर आधी पडद्यावर झळकते. डब केलेल्या आवृत्तीत संवाद स्टुडिओत नव्याने भरतात, त्यात खोलीचा घुमारा आणि श्वास बऱ्याचदा हरवतात. सुपरहिरोपटाला ते चालून जातं, भयपटाला नाही.

आवृत्त्यांबाबतही थोडं जपून. 'लोगन'ची कृष्णधवल आवृत्ती मिळते, पण ती दुसऱ्यांदा बघायची. वाळवंटातलं ऊन आणि रक्त रंगातच जास्त बोलतं. 'वेअरवुल्फ बाय नाइट' (२०२२) मात्र मूळ कृष्णधवलच बघा, नंतर काढलेल्या रंगीत आवृत्तीत सावल्यांचा खेळ पातळ होतो. 'जस्टिस लीग'ची २०२१ची चार तासांची आवृत्ती चौकोनी फ्रेममध्येच आहे, टीव्ही ताणून बसवत असेल तर ते बंद करा. आणि 'द डिसेंट' (२००५): गुहेत अडकलेल्या बायकांचा हा चित्रपट अमेरिकेत शेवट छाटून दाखवला गेला. नायिका बाहेर पडून गाडीत बसते, धसका घेते आणि तिथेच संपत असेल तर ती छाटलेली प्रत. मूळ ब्रिटिश प्रतीत त्यानंतर आणखी एक दृश्य आहे. सुरू करण्यापूर्वी तेवढं तपासून घ्या.